भराव

मुहर्रक. समुद्राकडचा प्लॉट. बोअर होल अकरा.
पहाटे चारलाच मशीन लावलं,
जुलैत दुपारी बारानंतर उघड्यावर काम करायला बंदी.
गुलरेझ ड्रिलर, मी वही घेऊन बसणारा.
तो खाली पाठवतो, वर येईल ते मी लिहितो.
अठरा वर्षं हाच संसार.

शून्य ते पंधरा सेंटिमीटर : डांबर.
मग खडी, रास अल खैमाच्या डोंगराची,
बोटीतून आलेली, आमच्यासारखीच कंत्राटावर.
मग साडेतीन मीटर करडी वाळू.
तिच्यासाठी फॉर्मवर दोनच शब्द ठरलेले : मेड ग्राउंड.
माणसाने केलेली जमीन.
मराठीत नुसतं भराव.
आपल्या शब्दात कोणी केलं ते येतच नाही.

ही वाळू समुद्राच्या तळाशी
हजारो वर्षं गप्प पडून होती.
मग एका आठवड्यात पाइपातून इथे ओतली,
कुणाच्या तरी रबरी चपलेवर.
चपलेचा तुकडा आत्ताच वर आला, निळा पट्टा शाबूत.
कोल्हापूरला पहिल्या वर्षी
सरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
खालचं जुनं, वरचं नवं.
सर, इथे आजी नातीच्या डोक्यावर बसली आहे.
वयाच्या रकान्यात काय लिहू?

तीन मीटर नव्वदला मशीनचा आवाज बदलला.
कडकड, जसं कोणी पापड मोडतंय.
नळी उघडली तर
शिंपले. मोत्यांचे. एकावर एक,
मधे वाळू नावालासुद्धा नाही.
कडांना सुरीच्या खुणा.
कोणीतरी इथे बसून उघडत गेला,
बघत गेला, मागे फेकत गेला.
शेकड्यात एखाद्यातच काही निघायचं म्हणतात.
म्हणजे हा चाळीस सेंटिमीटरचा थर
नुसता
नाही, नाही, नाही, नाही.

इंजिनिअर अब्दुलरसूल गाडीतून उतरून आला.
एक शिंपला उचलला, अंगठ्याने पुसला.
आतली चमक अजून ओली होती.
"हे नैसर्गिक धरायचं की भराव?"
फॉर्मला दोनच चौकोन आहेत.
मी एकात खूण केली, खोडली,
दुसऱ्यात केली.
तेवढ्यात शिंपला त्याच्या खिशात गेला
आणि तो समुद्राकडे बघत उभा राहिला,
जिथे आता समुद्र नाही, पार्किंग आहे.
मी लिहिलं :
नमुन्यात घट, दोन सेंटिमीटर. कारण अज्ञात.

गेल्या महिन्यात सित्राला
किनाऱ्याचा दगड फोडला,
आत बाटलीचं झाकण. चांगलं घट्ट बसलेलं,
चुन्याने चहूकडून धरलेलं.
दगडालाही आता घाई झाली आहे.

आमच्याकडचा काळा पाषाण आठवतो.
लाव्ह्याचा एक थर, मग दुसरा,
आणि मधे कुठेतरी वीतभर लाल माती.
ती वीत म्हणजे आग थांबली होती तेवढा काळ;
तेवढ्यात कुठे झाड उगवलं असेल,
कोणी त्याखाली बसलं असेल, चार पायांचं.
आपलीही अशीच एखादी वीत होईल.
काच, काजळी, सिमेंटचा चुरा,
कॅम्पच्या मेसमधल्या शुक्रवारच्या बिर्याणीची हाडं,
लाखो कोंबड्या, सगळ्या एकाच वयाच्या.

अकरा चाळीस. सहा मीटर वीस. खडक लागला.
रॉड काढून झाले.
नियमाप्रमाणे भोक तसंच सोडायचं नसतं,
गुलरेझ बादलीतून सिमेंटचं पाणी ओततो,
भोक गटागटा पितं, मग ढेकर देतं, मग गप्प.
असे हजारावर दांडे
मी या बेटात उभे सोडलेत,
मनगटाएवढे जाड, ओळंब्यात.
डांबर विरेल, बेट बुडेल, वाळू परत वाळू होईल,
हे मात्र बराच काळ उभे असतील.
आणि थरांतून वाचत वाचत
कोणी कधी इथवर पोचलंच,
तर वही बाजूला ठेवून विचारात पडेल :
कुठला प्राणी होता हा,
इतकं सरळ बीळ करायचा,
आणि त्यात राहायचा नाही?